दोन भाषांत वाचायला शिकणाऱ्या मुलाचा नावे सांगण्याचा वेग कसा तपासावा

ओळखीची चित्रे, अंक किंवा अक्षरे यांची नावे मूल सलग किती वेगाने सांगते, यावरून त्याचे वाचन पुढे किती ओघवते होईल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. मार्था डेंकला आणि रीटा रुडेल या संशोधकांनी १९७० च्या दशकात रूढ केलेल्या या चाचणीत पाचच गोष्टी उलटसुलट क्रमाने, दहा-दहांच्या पाच ओळींत, एकूण पन्नास वेळा येतात. महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी असल्याने ती दोन्ही भाषांत घेणे इष्ट ठरते.

चित्रांचा, अंकांचा आणि अक्षरांचा असे तीन तक्ते करावेत. चित्रे घर, मासा, झाड, हात, चेंडू अशी, दोन्ही भाषांत मुलाच्या तोंडी असलेली निवडावीत. अक्षरांत घ-ध, भ-म अशा फसव्या जोड्या टाळाव्यात. अंकांत तर विशेष जपावे लागते, कारण देवनागरी ४ इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दिसतो आणि दोन्ही लिप्या नुकत्याच शिकणारे मूल तेथे हमखास घुटमळते. ही अडचण लिपीची असते, वेगाची नव्हे.

आधी पाचही गोष्टी सुट्या दाखवून नावे येतात याची खात्री करावी, मग ‘न चुकता, जमेल तितक्या लवकर सांग’ एवढेच सांगून मोबाइलवर वेळ मोजावी. दुसरी भाषा दुसऱ्या दिवशी घ्यावी. सेकंदांबरोबर चुका, स्वतः केलेल्या दुरुस्त्या आणि मध्येच आलेले दुसऱ्या भाषेतले शब्दही टिपावेत.

‘चेंडू’ म्हणताना दोन उच्चारखंड (चें-डू) लागतात, इंग्रजी ‘बॉल’ला एकच पुरतो, म्हणून दोन भाषांतील सेकंद एकमेकांशी ताडून पाहणे मला चुकीचे वाटते, मुलाची तुलना त्याच भाषेतील त्याच्याच चार महिन्यांपूर्वीच्या नोंदीशी करावी. वाचन अंगवळणी पडू लागले की अंक-अक्षरांचा वेग चित्रांच्या पुढे जातो, आणि ही वाढ पहिल्या दोन-तीन इयत्तांत सर्वाधिक दिसते. एकाच भाषेत वेग वाढत नसेल, तर बहुधा त्या भाषेचा सहवास अपुरा असतो. तेथे रोज गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी. अक्षरे पक्की येत असूनही दोन्ही भाषांत मूल सातत्याने अडखळत असेल, तर केवळ या चाचणीवरून निदान न करता नोंदी घेऊन विशेष शिक्षकांना भेटावे. तक्त्याची घोकंपट्टी मात्र करून घेऊ नये, कारण तिने सेकंद कमी होतात, वाचन सुधारत नाही.