सॉल्झबरीतल्या चर्चच्या फूडबँकेत काम करायचं असेल तर

इंग्लंडमधलं सॉल्झबरी म्हटलं की १२३ मीटर उंच शिखराचं कॅथेड्रल आणि १२१५ सालच्या मॅग्ना कार्टाची, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेची, प्रत डोळ्यांपुढे येते. पण याच शहरात २००० साली पॅडी आणि कॅरल हेंडरसन या दांपत्याने बागेतल्या शेडमध्ये आणि गॅरेजमध्ये धान्य-डबे साठवून फूडबँक, म्हणजे अडचणीतल्या लोकांना मोफत शिधा देणारं केंद्र, सुरू केलं. ‘ट्रसेल’ या धर्मादाय संस्थेचं आज देशभर पसरलेलं फूडबँकांचं जाळं त्यातूनच उभं राहिलं. बहुतेक केंद्रांना जागा चर्चची असते. ती सॉल्झबरीत असोत, यॉर्कला किंवा बाथला, कामाची पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच.

तुम्ही ख्रिस्ती नसलात तरी चालतं. मदत धर्म न विचारता दिली जाते आणि स्वयंसेवकही सगळ्या धर्मांचे असतात. काही ठिकाणी काम सुरू होण्याआधी छोटी प्रार्थना होते. त्या वेळी शांत उभं राहावं किंवा क्रेट लावायला आत जावं, कुणी वाईट वाटून घेत नाही.

नाव नोंदवताना फॉर्म भरावा लागतो आणि ओळखीतल्या दोघांचे संदर्भ साधारणपणे मागतात. नातेवाईक संदर्भ म्हणून चालत नाहीत. स्टुडंट व्हिसावर असाल तर स्वयंसेवन आणि बिनपगारी नोकरी यांत कायदा फरक करतो, म्हणून आधी विद्यापीठाच्या कार्यालयात विचारा. मुलांकडे व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांनाही नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवन करता येतं, मात्र भेटीचा मुख्य हेतू तो नसावा.

पहिले काही दिवस तुम्हाला गोदामात टाकतील. आलेलं दान आधी वजनकाट्यावर ठेवून, कुठून आलं आणि किती किलो, हे नोंदवायचं. साठ्याचा सगळा हिशेब किलोत चालतो, त्यामुळे न तोलता फळीवर लावलेली पिशवी हिशेबातून गायब होते. मग तारखा. ‘यूज बाय’ उलटलेला पदार्थ थेट बाद, कारण ती तारीख सुरक्षिततेची असते. ‘बेस्ट बिफोर’ चवीची आणि दर्जाची असते. ती उलटलेला डबा किती दिवस चालवायचा, याचा प्रत्येक केंद्राचा नियम असतो, तो विचारून घ्या. चांगल्या डब्यावर छापलेला महिना-वर्ष जाड मार्करने वरच्या बाजूला ठळक लिहा, कारण अंधाऱ्या खोलीत घाईच्या वेळी कुणी डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचत बसत नाही. लवकर संपणारा माल पुढे, नवा मागे. नवखे लोक हमखास नवा माल पुढे लावतात आणि चार महिन्यांनी मागचे डबे बाद होतात.

डबा फुगलेला असेल, गळत असेल, गंज पुसून जात नसेल किंवा पोचा शिवणीवर अथवा कडेवर असेल, तर तो बाजूला काढा. शिवण सैल झाली की आत जंतू शिरतात. मधल्या भागावरचा छोटा पोचा चालतो. घरी बनवलेले लोणचे-मुरंबे प्रेमाने दिलेले असले तरी ठेवता येत नाहीत, कारण त्यावर घटकांची आणि ॲलर्जीची माहिती नसते.

४०० ग्रॅमचे वीस डबे पत्र्यासकट नऊ-साडेनऊ किलो भरतात. एका क्रेटला तेवढंच पुरे. जुन्या चर्चची दगडी फरशी वरखाली असते, दारं अरुंद असतात आणि ट्रॉलीचं चाक फटीत अडकतं. भिंतीत खिळा ठोकायचा विचारही नको. संरक्षित वास्तू असते आणि चर्च ऑफ इंग्लंडमध्ये अशा बदलाला रीतसर परवानगी लागते, म्हणून फळ्या आपल्या पायांवर उभ्या राहणाऱ्याच वापरतात. सॉल्झबरीत दान पोचवायला मंगळवार आणि शनिवार टाळा. त्या दिवशी चौकात बाजार भरतो आणि गाडी लावायला जागा मिळत नाही.

वाटपाच्या दिवशी माणूस व्हाउचर, म्हणजे मदतीसाठी पाठवल्याची चिठ्ठी, किंवा त्याचा क्रमांक घेऊन येतो. ते डॉक्टर, शाळा, सिटिझन्स ॲडव्हाइस ही मोफत सल्ला देणारी संस्था यांसारख्यांकडून मिळतं. व्हाउचर नसेल तर परस्पर ‘नाही’ म्हणून परत पाठवू नका, केंद्रप्रमुखाला बोलवा. बहुतेक वेळा फोनवर मार्ग निघतो. आधी चहा, बसायला खुर्ची, मग प्रश्न. प्रश्नही मोजकेच: घरात किती जण, काय खात नाही, कशाची ॲलर्जी आहे, आणि शिजवायची सोय काय आहे?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. तात्पुरत्या खोलीत राहणाऱ्याकडे फक्त किटली असते. त्याला पास्ता आणि तांदूळ दिले तर ते तसेच पडून राहतात. अशांसाठी झटपट नूडल्स, पाकिटातलं सूप, गरम पाण्यात होणारी ओट्सची खीर, टिकाऊ दूध आणि कडी ओढून उघडणारे डबे वेगळे काढतात. गॅस-विजेच्या मीटरमध्ये आगाऊ पैसे भरायची मारामार असलेल्या घरालाही हेच सोयीचं.

भरताना कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेली, तीन दिवस पुरेल अशी यादी समोर धरा. शाकाहारी माणसाचा मांसाचा डबा नुसता काढू नका, जागी छोले किंवा मसुराचा डबा घाला, नाहीतर त्याची प्रथिनं कमी पडतात. सूप आणि सॉसचे घटक पूर्ण वाचा, जिलेटिन आणि मासा अनपेक्षित जागी सापडतात. पिशवी दुसऱ्याने तपासल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नये.

पंगतीत आग्रह करून वाढायची आपली सवय इथे आवरावी लागते. कुणी एखादा डबा परत केला तर ‘असू द्या हो’ न म्हणता घ्या आणि बदल्यात काय हवं ते विचारा. ‘असं कसं झालं?’ हा प्रश्न कितीही मायेचा असला तरी विचारू नका. समोरच्याने ती गोष्ट व्हाउचर मिळवताना आधीच एकदा सांगितलेली असते. सॉल्झबरी ४० हजारांच्या आसपास वस्तीचं शहर आहे. मुलाच्या शाळेतली आई समोर येऊ शकते. नंतर दुकानात भेट झाली तर तिने ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवू नये, आणि घरीही नाव काढू नये.

स्वतः काही द्यायचं असेल तर पाच किलो आटा किंवा सुकी डाळ आणू नका. बऱ्याच घरांत कुकर नसतो आणि तासभर गॅस जाळणं परवडत नाही. आधी केंद्राची त्या आठवड्याची यादी पाहा. बीन्स आणि पास्त्याचा बहुधा ढीग असतो, टिकाऊ दूध, डबाबंद फळं, कॉफी, शाम्पू मात्र संपलेले असतात. शरद ऋतूत चर्च आणि शाळांच्या सुगीच्या सणाचं दान एकदम येतं, तेव्हा तारखा लिहायला माणसं हवी असतात. वसंतात फळ्या रिकाम्या होतात, तेव्हा सुपरमार्केटच्या दारात गिऱ्हाइकांच्या हातात यादी देत उभं राहायला. पहिली पाळी मागायची तर सप्टेंबरच्या शेवटी मागा, काम सगळ्यात लवकर तेव्हाच शिकून होतं.