एक रोपवन, तीन वर्षं: वनखात्याचा खर्च गावात बसून कसा तपासावा

जून उजाडला की आमच्या बीड जिल्ह्यात झाडं लावल्याचे फोटो फिरू लागतात. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच माळावर जाऊन बघणारा माणूस क्वचित भेटतो. राज्याने 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्या मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळ सदस्यांची समिती नेमायची घोषणा 2021 मध्ये झाली. कोटींचा हिशेब गावातल्या माणसाच्या आवाक्यात नाही, हे मान्य. पण आपल्या शिवारातल्या एका रोपवनाचा पै-पैचा हिशेब लावता येतो, आणि तो लावलाच पाहिजे. बालाघाटाच्या या बरड माळांवर एकेक झाड जगवायला जेवढं पाणी आणि पैसा लागतो, तेवढा उधळायची आपली ऐपत नाही.

मी पंचायत समितीच्या लेखा शाखेतून निवृत्त झाले. नोकरीभर बिलं आणि प्रमाणकं (खर्चाची व्हाउचरं) तपासली. आता अंबाजोगाईत असते आणि आजूबाजूच्या गावांतली लेकरं विचारायला येतात तेव्हा त्यांना सांगते ते असं.

जिल्ह्याचा खर्च मागू नका. एक गट नंबर धरा, एक पावसाळा धरा, आणि त्याच्या आधीच्या वर्षापासून तीन-चार वर्षं त्याच्या मागे राहा. आधी रोपवनावरचा फलक शोधा. त्यावर कामाचं वर्ष, हेक्टर, रोपांची संख्या, योजना असा मजकूर असतो; त्याचा फोटो काढून ठेवा. काम वन विभागाचं आहे, सामाजिक वनीकरणाचं आहे की ग्रामपंचायतीने रोजगार हमी योजनेतून (रोहयो) केलंय, हे तिथेच कळतं. गायरानावर आणि रस्त्याच्या कडेला बहुतेक वेळा सामाजिक वनीकरण असतं. आपला माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी कायद्याने तो पुढे पाठवायचा असतो, पण त्यात दिवस जातात. राखीव वनात किंवा अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय शिरू नका. वनरक्षकाला सोबत घेऊनच जा. आपणच गुन्ह्यात अडकलो तर सगळं तिथेच थांबतं.

आता पैसा. राज्याच्या अर्थसंकल्पात वनांचा महसुली खर्च 2406 या मुख्य लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या खात्याच्या क्रमांकाखाली) असतो, भांडवली खर्च 4406 खाली, आणि मृद व जलसंधारणाचा 2402 खाली. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात एकाच ओळीत मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि मागच्या वर्षांचा प्रत्यक्ष खर्च दिसतो. मूळ आणि सुधारित यांत मोठी घट दिसली की ती योजना लिहून घ्या. वित्त विभागाच्या बीम्स या प्रणालीवर तरतूद किती, वितरित किती आणि खर्च किती हे बघता येतं. महसूल व वन विभागाचे निधी वितरणाचे शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर असतात. ते उघडा आणि रकमेच्या आधी तारीख वाचा.

तारखेवर मी एवढा जोर देते त्याला कारण आहे. खड्डे उन्हाळ्यात घ्यावे लागतात, रोप पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावं लागतं, आणि खरी परीक्षा फेब्रुवारी ते मे या काळात पाण्याची असते. आर्थिक वर्ष मात्र 31 मार्चला संपतं. पाण्याचं अनुदान मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वितरित झालं, तर ते बिलावर खर्ची पडतं, पण रोपांपर्यंत पोचत नाही. एका वनरक्षकाने मला माळावर उभं राहून सांगितलं होतं, ‘मॅडम, टँकरवाल्याची मागची उधारी फिटली नाही, तो आता गाडी कशी पाठवेल?’ त्याच्या बीटमध्ये, म्हणजे त्याच्या ताब्यातल्या वनक्षेत्रात, चोरी झालेली नव्हती. पैसा उशिरा आला आणि रोपं वाळली. ही उधळपट्टी लेखापरीक्षणात सहसा पकडली जात नाही, कारण कागद चोख असतात. ती पकडायला गावातलाच माणूस लागतो.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत हवा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा किंवा ऑनलाइन भरायचा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. ‘संपूर्ण माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका, दप्तराचं नाव घेऊन मागा. मी देते तो मसुदा असा:

‘विषय: मौजे ____, ता. ____, गट क्र. ____ येथील सन 2022 च्या पावसाळ्यातील रोपवन. कालावधी: 1 एप्रिल 2021 ते आजपर्यंत. तपशील: (1) तांत्रिक व प्रशासकीय मान्यतेचे आदेश, मंजूर अंदाजपत्रकासह. (2) या कामाच्या अनुदानाचे वितरण आदेश. (3) वर्षनिहाय खर्चाची प्रमाणके, मोजमाप पुस्तक व हजेरीपत्रके. (4) रोपवन नोंदवही व जिवंत रोपांच्या गणनेचे अहवाल. (5) पाणीपुरवठ्याची देयके व वाहनाच्या लॉगबुकातील नोंदी. वरील अभिलेखांची प्रथम पाहणी करावयाची आहे. पाहणीनंतर निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात.’

पाहणीचं वाक्य गाळू नका. प्रतीला पानामागे 2 रुपये पडतात आणि कुणी हजार पानांचं पत्र धाडलं की गरीब माणूस तिथेच बसतो. पाहणीत पहिला तास मोफत असतो आणि हवी ती दहा पानं आपण निवडतो. शिवाय 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहायची सोय ठेवली आहे. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. त्याला 20 रुपयांचा स्टँप. त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. मराठवाड्यासाठी खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. मुदतीत न दिलेली माहिती पुढे फुकट द्यावी लागते, हेही अपिलात लिहा.

पाहणीला दोघं-तिघं जा, एक जण वाचेल, एक जण लिहील. सुरुवात अंदाजपत्रकापासून. समजा काम 25 हेक्टरचं आहे आणि 3 बाय 3 मीटर अंतरावर लागवडीचं मॉडेल आहे. एका हेक्टरात 1,111 रोपं बसतात, म्हणजे एकूण 27,775. पाण्याच्या एका पाळीला रोपामागे 5 लिटर धरलं तर 1,38,875 लिटर पाणी लागेल. 10 हजार लिटरच्या टँकरच्या 14 खेपा झाल्या, 5 हजारांचा असेल तर 28. आता देयकात एका पाळीला किती खेपा लावल्या ते बघा. खेपा जुळल्या तरी थांबू नका. टँकर डोंगराच्या पायथ्याशी उभा राहतो. तिथून वर पाणी कुणीतरी डोक्यावर नाहीतर पाइपाने नेलं असेल. त्याची मजुरी किंवा पाइपाचा खर्च त्याच तारखांना कुठेतरी दिसायला हवा. टँकरचं बिल आहे आणि पाणी घालणारा माणूस हजेरीवर नाही, असं दिसलं की तो प्रश्न वहीत मोठ्या अक्षरात लिहा. लॉगबुकातलं अंतर गावातल्या विहिरीपासून की तालुक्यापासून, तेही ताडून बघा.

हजेरीपत्रक, म्हणजे मस्टर, आमच्या भागात वाचायची एक खास रीत आहे. दिवाळी आटोपली की बीडमधली गावंच्या गावं उचल घेऊन ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलात परततात. जानेवारीच्या मस्टरवर अशा घरातली नावं सलग दोन आठवडे हजर दिसली, तर विचारायला जागा आहे. पण आधी त्या घरी जाऊन विचारा. कुणी आजारपणामुळे परत आलेलं असतं, कुणाची सून किंवा सासू इथेच राहिलेली असते. आपलं नाव मस्टरवर आहे हेच काहींना ठाऊक नसतं. अशा मजुराचं नाव व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं म्हणजे गरिबालाच चोर ठरवणं. ते कधी करू नका. अर्जातही मजुरांची आधार किंवा बँक खाती मागू नका, त्याच मुद्द्यावर सगळा अर्ज अडवला जातो. रोहयोचं काम असेल तर मस्टर नरेगाच्या संकेतस्थळावरच सापडेल.

खरेदीत एकच गोष्ट बघा: एकाच आठवड्यात, एकाच पुरवठादाराकडून, ई-निविदेच्या मर्यादेच्या जरा खाली राहणारी तीन-चार देयकं आहेत का.

माती-पाण्याच्या कामात गोम वेगळी असते. सलग समतल चर 60 सेंटीमीटर रुंद आणि 30 सेंटीमीटर खोल असेल तर एका मीटरला 0.18 घनमीटर खोदाई होते. हजार मीटरला 180. मोजमाप पुस्तकातली लांबी प्रत्यक्ष टेपने मोजा. आणि त्याच गट नंबरात कृषी विभागाने, जलसंधारणाने किंवा ग्रामपंचायतीने आधी चर खोदले होते का, हे तिन्हीकडे विचारा. एकाच चराचं बिल दोन खात्यांत निघू शकतं, आणि दोन्ही दप्तरं शेजारी ठेवल्याशिवाय ते दिसत नाही. जलयुक्त शिवारावर 9,633 कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम झाला नाही, असं कॅगने (देशाच्या महालेखापरीक्षकांनी) 2020 मध्ये नोंदवलं. तपासलेल्या सहा जिल्ह्यांत बीडही होतं. तो अहवाल जरूर वाचा; प्रश्न कसे विचारायचे हे त्यातून कळतं.

शिवारातली मोजणी मे महिन्यात करा. पावसाळ्यात सगळंच हिरवं दिसतं आणि गवतात रोप सापडत नाही. गटाची हद्द चालत फिरा, मोबाइलवर क्षेत्र मोजता येतं. मग दर दहावी ओळ घ्या आणि तीन रकाने भरा: जिवंत रोप, वाळलेलं रोप, रिकामा खड्डा. चौथा रकाना मी आवर्जून काढायला लावते, तो खड्डाच नसलेल्या जागेचा. आपोआप उगवलेली बोर, हिवर, बाभूळ लागवडीत धरू नका. ती ओळीत नसते, तिच्याभोवती आळं नसतं. तिसऱ्या वर्षाच्या रोपवनात गुडघ्याएवढी कोवळी रोपं दिसली तर त्या नांग्या भरलेल्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावलेली, असू शकतात. त्यात वाईट काही नाही, पण त्या रोपांचा आणि मजुरीचा खर्च नोंदवहीत असला पाहिजे. अंदाजपत्रकात सीताफळ आणि कडुलिंब लिहिलंय आणि माळावर सगळं ग्लिरिसिडिया उभं आहे, हेही टिपून घ्या. माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येतच कामाची पाहणी येते, म्हणून मोजणीला वनपालाला लेखी बोलवा. तो आला तर दोघांच्या सह्यांचा कागद होतो आणि मग त्या आकड्यावर वाद राहत नाही.

आणखी एक दप्तर आहे, जे फारसं कुणी मागत नाही. महालेखापालांचं पथक कार्यालयाची तपासणी करून जातं तेव्हा निरीक्षण अहवाल देतं. मराठवाड्याचं काम नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाकडून होतं. ‘मागील दोन निरीक्षण अहवाल आणि त्यांतील प्रलंबित परिच्छेदांवर दिलेली अनुपालन उत्तरं’ असा वेगळा अर्ज टाका. आपल्याला पडलेला प्रश्न कित्येकदा त्यात आधीच विचारलेला असतो.

जे सापडेल ते आधी त्या कार्यालयाला लेखी कळवा आणि खुलासा मागा. खुलासा पटला तर तसं गावात सांगा. नाही पटला तर मुख्य वनसंरक्षक, जिल्हाधिकारी, आणि गरज पडली तर लोकआयुक्त. सगळे अर्ज एकाच पोराच्या नावावर टाकू नका, चार-पाच जणांत वाटून घ्या, त्यात बाया असू द्या, पोच जपून ठेवा. आणि पैसाच वेळेवर येत नाही असं निघालं, तर तक्रार वनरक्षकाविरुद्ध लिहू नका. दिवाळीच्या आसपास ग्रामसभा घेऊन ठराव करा: अमुक गटातल्या रोपवनाचं पाण्याचं अनुदान जानेवारीच्या आत वितरित करावं. तो ठराव फलकाच्या फोटोसकट आणि मे महिन्यातल्या मोजणीसकट आमदारांच्या हातात द्या. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या (वर्षाच्या मध्येच जादा निधीच्या मागण्या) मांडल्या जातात, त्याच्या आत तो पोचला पाहिजे.