उघडीप मिळण्यापूर्वी बॅटरी चार्जिंगला लावा

पावसाने उघडीप दिली की फवारणीसाठी जेमतेम दोन दिवस हाती लागतात आणि नेमक्या त्याच सकाळी पंपाची बॅटरी दहा मिनिटांत बसते, हे मी दर हंगामात पाहत आलो आहे. नवी बॅटरी येईपर्यंत आभाळ पुन्हा भरून येते, कीड मात्र थांबत नाही. कुंपणाच्या झटका मशीनची बॅटरी अशीच दगा देते आणि एका रात्रीत जनावरे उभे पीक तुडवून जातात. यातील अनेक बॅटऱ्या वापराने संपलेल्या नसतात. मागील हंगामाच्या अखेरीस त्या उतरलेल्या अवस्थेतच कोपऱ्यात ठेवलेल्या असतात.

लेड-ॲसिड बॅटरी उतरते तेव्हा तिच्या आतील शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्ज केल्यास तो निघून जातो. तसाच राहिल्यास त्याचे कठीण स्फटिक होतात आणि प्लेट चार्ज घेईनाशी होते. उन्हाने तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये हे अधिक लवकर घडते, कारण तापमान 10 अंशांनी वाढले की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो.

म्हणून आजच मल्टीमीटर लावून पाहावे. काही तास विश्रांती दिलेल्या 12 व्होल्ट बॅटरीचे माप 12.6 च्या वर असल्यास ती भरलेली आहे, 12.4 च्या खाली असल्यास त्याच दिवशी चार्जिंगला लावावी. एरवी चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे 100 अँपिअर-तासांसाठी 10 अँपिअर ठेवतात. परंतु दीर्घकाळ उतरून पडलेल्या एवढ्या क्षमतेच्या बॅटरीला 2 अँपिअरने दोन-तीन दिवस सावकाश चार्ज करावे. फवारणी पंपाच्या 8 अँपिअर-तासांच्या सीलबंद बॅटरीला 0.2 ते 0.4 अँपिअर पुरेसे होतात.

पाण्याच्या बॅटरीत पूर्ण चार्जिंगनंतर हायड्रोमीटरचे (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीचे) माप प्रत्येक कप्प्यात 1.265 च्या आसपास यावे. एखादा कप्पा इतरांपेक्षा 0.050 ने मागे राहिला, तर तो सदोष समजावा. चार्जिंग करताना पाच कप्प्यांत बुडबुडे सुटत असताना सहावा शांत राहिला, तर ती बॅटरी सहसा वाचत नाही, असा माझा अनुभव आहे.

चार्जिंगच्या वेळी:
– चष्मा, हातमोजे, मोकळी हवा.
– विडी, ठिणगी दूर. निघणारा हायड्रोजन स्फोटक असतो.
– प्लेटा उघड्या असल्यास आधी त्या बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर; उरलेली पातळी चार्जिंगनंतर.
– खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल साफ, वर व्हॅसलीन.
– बॅटरी हाताला चटका देऊ लागल्यास चार्जिंग बंद.

पातळी कमी दिसली म्हणून ॲसिड ओतू नये. उडून जाते ते पाणी, ॲसिड आतच राहते. जुनी बॅटरी नव्यासारखी करणारे ‘टॉनिक’ दुकानदार आग्रहाने गळ्यात मारतात. त्यावर पैसे घालण्यापूर्वी साध्या चार्जरने सावकाश चार्ज करून पाहावे. कोणतेही औषध तुटलेली प्लेट जोडत नाही.

हंगाम संपताच बॅटरी पूर्ण चार्ज करावी, आधी ऋण वायर सोडवून ती सावलीत ठेवावी आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्जिंगला लावावी. बॅटरीवर चिकटपट्टी लावून चार्जिंगची तारीख व व्होल्ट लिहून ठेवावेत; पुढील तपासणीत आकडा किती घसरला, हे त्यावरूनच कळते.