१९५५ मधला एक अख्खा ब्रिटिश रेडिओ-दिवस कसा ऐकायचा

जुने बीबीसीचे प्रोग्रॅम सुटे सुटे ऐकणारे बरेच जण आहेत, आज गून शोचा एखादा एपिसोड, चार दिवसांनी अजून काहीतरी. पण एकदा तरी पूर्ण दिवस घड्याळ लावून ऐका असं मी मनापासून सांगते, कारण ते प्रोग्रॅम लोकांच्या दिवसात बसवलेले होते, बाई घरकामाला कधी लागते, कारखान्यात कंटाळा कधी येतो, पोरं शाळेतून कधी येतात हे सगळं बघून ते वेळापत्रक बनायचं. सुटा एपिसोड ऐकून हे कळतच नाही.

आधी तारीख ठरवा. पहिल्यांदा करताय तर रविवार नको, त्याचा नूरच वेगळा असायचा. आठवड्यातला साधा वार घ्या. मी २२ सप्टेंबर १९५५ घेतला होता, गुरुवार, का ते पुढे येईलच.

मग बीबीसीची जिनोम साइट उघडा, त्यात रेडिओ टाइम्स या कार्यक्रम छापणाऱ्या बीबीसीच्या साप्ताहिकाच्या १९२३ पासूनच्या याद्या तारखेप्रमाणे आहेत. मजकूर मशीनने वाचून टाकलेला आहे त्यामुळे नावं आणि आकडे मधेच गडबडतात, शंका आली की इतर दिवसांची तीच वेळ बघून ताडून घ्या. आणि अंक आधी छापला जायचा हे विसरू नका, ऐनवेळी बदललेलं त्यात नसणार. होम सर्व्हिस म्हणजे बीबीसीचं मुख्य रेडिओ केंद्र, त्याच्या वेगवेगळ्या भागांच्या आवृत्त्या होत्या, लंडन, मिडलंड, नॉर्थ, वेस्ट वगैरे, त्यातली एकच धरा नाहीतर खिचडी होते.

आता वहीत बीबीसीच्या तेव्हाच्या तीन केंद्रांचे तीन रकाने पाडा: होम सर्व्हिस, हलकंफुलकं लावणारं लाइट प्रोग्रॅम आणि गंभीर संगीत-चर्चांचं थर्ड प्रोग्रॅम. थर्डचा रकाना संध्याकाळपर्यंत रिकामाच राहील आणि लाइटही तेव्हा सकाळी नऊला सुरू व्हायचं. म्हणजे सकाळी उठल्या उठल्या होमच, सातच्या बातम्या, आठच्या बातम्या.

रेकॉर्डिंगचं आधीच सांगते म्हणजे हिरमोड होणार नाही. त्या काळी खूप काही लाइव्ह जायचं आणि जपून ठेवलं गेलं नाही, त्यामुळे तुमच्या तारखेचं नेमकं रेकॉर्डिंग क्वचितच मिळतं. अशा वेळी त्याच प्रोग्रॅमचा जवळच्या वर्षातला भाग लावा, तोही नसेल तर नुसती सुरुवातीची धून लावा आणि यादीतलं वर्णन मोठ्याने वाचा. वहीत मात्र स्पष्ट लिहा की हा भाग दुसऱ्या दिवसाचा आहे. एक बारीक गोष्ट, तासाच्या ठोक्याला सहा पिप्स, म्हणजे वेळ सांगणारे ते बारीक आवाज, लावणार असाल तर आजचे सरळ उचलू नका, आजचा शेवटचा पिप लांब असतो, १९७१ संपेपर्यंत सहाही सारखेच होते. शेवटचा कापून आखूड करा.

आवाज एकाच लहान स्पीकरवर, मोनो. हेडफोन नको, रेडिओ खोलीत वाजायचा आणि माणसं कामं करत ऐकायची. व्हॉल्व्हचा सेट तापायला थोडा वेळ घ्यायचा, म्हणून बातम्यांच्या जरा आधीच जागेवर या.

नऊ दहाला लाइटवर हाउसवाइव्ज चॉइस, श्रोत्यांच्या फर्माइशी. साडेदहाला म्युझिक व्हाइल यू वर्क, आणि इथे खरंच हाताला काम घ्या. हा प्रोग्रॅम जून १९४० मधे युद्धातल्या कारखान्यांसाठी सुरू झाला, गाण्यामागून गाणं सलग, मधे बडबड नाही, लय एकसारखी, आणि ज्या चालीवर टाळ्या वाजवायचा मोह होईल त्या टाळायचे कारण हात मशीन सोडून ठेका धरायला लागायचे. मी इस्त्री घेऊन बसले होते. तिसऱ्या शर्टाला लक्षात आलं की मी कॉलरपाशी थांबतच नाहीये, बँड पुढे गेला की हातपण पुढे.

पावणेदोनला लिसन विथ मदर, लहान मुलांसाठी, आणि तो संपला की दोनला विमेन्स अवर. पोराला गोष्ट ऐकवून झोपवायचं आणि मग आईचा तास, किती विचार करून लावलंय बघा! दुपारी लाइटवर मिसेस डेल्स डायरी ही मालिका. पाचला होमवर चिल्ड्रन्स अवर.

पावणेसातला काही झालं तरी लाइटवर या, आर्चर्स ही शेतकरी कुटुंबाची रोजची मालिका, पंधरा मिनिटं. ह्या वेळेला टीव्ही बंद असायचा, मुलांना झोपवता यावं म्हणून सहा ते सात प्रक्षेपणच नसायचं, ती पद्धत १९५७ पर्यंत चालली. माझ्या तारखेला लंडनमधे आयटीव्ही हे बीबीसीचं प्रतिस्पर्धी, जाहिरातींवर चालणारं नवं टीव्ही चॅनेल सव्वासातला पहिल्यांदा सुरू होणार होतं, आणि त्याच्या अर्धा तास आधी सुरू झालेल्या भागात आर्चर्सच्या लेखकांनी ग्रेस या पात्राला तबेल्याच्या आगीत मारलं, घोड्याला वाचवायला ती आत परत गेली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात नव्या चॅनेलइतकीच तिची चर्चा. यादीत मात्र ह्यातलं काहीच सापडणार नाही, गुपित पक्कं ठेवलं होतं.

रात्री बिग बेन आणि नऊच्या बातम्या होमवर, नंतर थोडा वेळ थर्ड. तिथे कार्यक्रम घड्याळाला बांधलेले नसायचे, लांबला तर लांबू द्यायचे, म्हणून तिथे वही मिटून ठेवा. शिपिंग फोरकास्ट, म्हणजे जहाजांसाठी समुद्राच्या एकेका भागाचं हवामान, हवं असेल तर ते लाइटच्या १५०० मीटर लाँग वेव्हचं, आणि जुनं मिळालं तर जर्मन बाइट या समुद्रभागाच्या जागी हेलिगोलँड हे नाव कान देऊन ऐका, ते १९५६ मधे बदललं.

दुपारचं मिसेस डेल हुकलं असेल तर घाईघाईने मधे घुसडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तोच भाग परत लागायचा, तुम्हीही तेव्हाच लावा.