ताडोबाची शनिवार-रविवारची सफारी: सहा जणांनी कशी आखावी

मित्रांसोबत ताडोबाला जायचं ठरलं की पहिला प्रश्न निघतो, "राहायचं कुठे?" गडबड तिथूनच सुरू होते. आधी सफारीचं बुकिंग आणि गेट, मग मुक्काम, हाच क्रम ठेवा. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य संरक्षित भागात, जायला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी अशी गेट्स आहेत आणि परवाना ज्या गेटचा, त्याच गेटने आत सोडतात. मोहर्ली आणि कोलारा ही एकाच जंगलाची दोन टोकं असली तरी एका गेटवरून दुसऱ्यावर जायला बाहेरच्या रस्त्याने मोठा वळसा पडतो. मुक्काम मोहर्लीला आणि सकाळची सफारी कोलाऱ्याची, असं झालं तर अर्धी रात्र प्रवासात जाते. नागपूरकडून येणाऱ्यांना कोलारा सोयीचं. चंद्रपूरला रेल्वेने उतरणाऱ्यांना मोहर्ली, तिथून ते तीसेक किलोमीटरवर आहे.

जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, सहा पर्यटक बसतात, शिवाय गाइड आणि ड्रायव्हर. म्हणून गट सहाचा किंवा बाराचा करा. सातव्या माणसासाठी दुसरी गाडी घ्यावी लागते, आणि अख्खी जिप्सी घेतली की चौघे गेले तरी पैसे तेवढेच. बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर करा. प्रत्येकाचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षरन् अक्षर भरा आणि मूळ ओळखपत्र सोबत ठेवा. गेटवर नावं ताडून पाहतात, तिथे "तो आला नाही, त्याच्याऐवजी हा" असं चालत नाही. त्यामुळे ज्यांचं पक्कं आहे त्यांचीच नावं घाला. मंगळवारी कोअर बंद असतो आणि पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर तो बंदच राहतो. बफरची, म्हणजे कोअरभोवतालच्या जंगलाची, काही गेट्स पावसाळ्यातही रस्त्यांची स्थिती पाहून सुरू ठेवतात.

दोन दिवसांत तीन सफाऱ्या नीट होतात: शनिवार दुपार, रविवार सकाळ आणि जवळून येणाऱ्यांना शनिवार सकाळही. मुंबई-पुण्याहून शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघून शनिवारी सकाळी नागपूरला उतरणार असाल, तर शनिवार सकाळच्या सफारीचा मोह टाळा. गाडी दोन तास लेट झाली की ते पैसे बुडतात. तिन्ही सफाऱ्या जंगलाच्या एकाच भागात घ्या, हा आमचा आग्रह आहे. संध्याकाळी वाघ कुठल्या बाजूला गेला हे कळलेलं असलं की सकाळी शोध शून्यापासून सुरू करावा लागत नाही. बदल हवा असेल तर एक फेरी शेजारच्या बफरमध्ये घ्या: मोहर्लीला असाल तर आगरझरी किंवा देवाडा, कोलाऱ्याला असाल तर अलिझंझा किंवा मदनापूर. बफरला कमी लेखू नका. कोअरची हद्द वाघाला माहीत नसते.

हंगामाचं गणित सरळ आहे. पावसाळ्यानंतर लगेच गवत इतकं उंच असतं की दहा फुटांवर बसलेला वाघही दिसत नाही. मार्चपर्यंत सागाची बरीच पानं गळतात, लहान ओढे आटतात आणि जनावरं उरलेल्या पाण्याकडे येतात. एप्रिल-मे वाघ दिसण्यासाठी सर्वांत चांगले, पण पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दुपारच्या फेरीला माणशी दीड-दोन लिटर पाणी, मिठा-साखरेचं वेगळं, आणि ओला पंचा हवाच. हिवाळ्यात उलटी फजिती होते. उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा हाडापर्यंत पोचतो, म्हणून एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा तीन पातळ थर, कानटोपी आणि हातमोजे घ्या. ऊन चढलं की एकेक थर काढता येतो.

कपडे खाकी, मातकट किंवा फिक्या हिरव्या रंगाचे घ्या. पांढरा रंग टाळा आणि निळी जीन्सही टाळा. हरणांना लाल-नारिंगीतला फरक फारसा कळत नाही, पण निळा त्यांना ठळक दिसतो. अत्तर, डिओ लावू नका. जंगलात आग्या मोहोळं असतात आणि उग्र वासाने माश्या चवताळू शकतात. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे निदान एक कॅमेरा आणि दोन दुर्बिणी गटात असाव्यात. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरते, त्याहून जास्त शक्तीची हातात थरथरते. कॅमेऱ्याची लेन्स मुक्कामावरच लावून घ्या. जंगलात बदलायला गेलात की सेन्सरवर धूळ बसलीच. टेकू म्हणून तांदूळ किंवा मूग भरलेली कापडी पिशवी जिप्सीच्या दांडीवर ठेवा. फोटो काढताना ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर कंपनांनी चित्र हलतं. मागच्या रांगेत धक्के सर्वांत जास्त बसतात. कंबर किंवा मान दुखणाऱ्याला पुढच्या रांगेत बसवा आणि बाकीच्यांनी दर फेरीला जागा बदला. मधे वाटेल तिथे खाली उतरता येत नाही, म्हणून निघण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या.

गेटवर अर्धा तास आधी पोचा आणि निघण्यापूर्वी गाइडशी दोन मिनिटं बोला. "भाऊ, आम्हाला पळापळ नको, एका जागी थांबलो तरी चालेल" एवढं सांगितलं की फेरीचा रंग बदलतो. बहुतेक गट "वाघ दाखवा" असा धोशा लावतात, मग ड्रायव्हर ऐकीव बातमीमागे गाडी दामटत राहतो आणि आपण पोचेपर्यंत वाघ आत गेलेला असतो. धावणाऱ्या जिप्सीच्या आवाजात कॉलही ऐकू येत नाहीत, आणि जंगल आधी ऐकूनच सापडतं.

कॉल म्हणजे वाघ-बिबट्याची चाहूल लागली की इतर जनावरं देतात ती धोक्याची हाक. चितळाची हाक तीक्ष्ण, शिट्टीसारखी. एकदाच आली तर फार भरवसा ठेवू नका, चितळ बिबट्याला आणि रानकुत्र्यांनाही ओरडतं. तेच चितळ शेपटी उभारून, पुढचा पाय जमिनीवर आपटत एकाच दिशेला बघत राहिलं, तर इंजिन बंद. वानर उंचावरून पाहतं, त्यामुळे ते खोकल्यासारखं ओरडत असेल तर त्याच्याकडे नाही, ते जिकडे बघतंय तिकडे बघा. सांबराचा दणदणीत "ढँक" आला आणि पुन्हा पुन्हा येत राहिला, तर समजा की वाघ किंवा बिबट्या खरंच जवळ आहे. कॉल सरकत असेल तर जनावर चालतंय. ते रस्ता कुठे ओलांडेल याचा अंदाज गाइडला येतो, तिथे आधी जाऊन थांबा.

रस्त्यावरचा ठसाही वाचायला शिका. टायरच्या खुणेवर पंजा उमटला असेल तर शेवटची गाडी गेल्यावर वाघ चालला आहे. पंजावर टायरची नक्षी असेल तर तो त्याआधीचा. कडा धारदार असतील आणि आत पाचोळा पडलेला नसेल तर ठसा ताजा. नराचा ठसा चौकोनी भरतो, मादीचा थोडा लांबट.

उन्हाळ्याच्या दुपारी सर्वांत चांगली युक्ती म्हणजे पाणवठ्यावर तासभर गप्प बसणं. पहिल्या वीस मिनिटांत कुजबुज सुरू होते, पाकिटं कुरकुरतात. खाऊ आधीच उघड्या डब्यात काढून घ्या आणि बोलायचंच झालं तर हाताने खुणा करा. वाघ पाण्यात बऱ्याचदा उलटा, मागच्या पायांनी उतरतो आणि चेहरा कोरडा ठेवून बसतो. तो बसला की घाई नसते, फोटोला भरपूर वेळ मिळतो.

वाघ दिसला की सगळे एकाच बाजूला उभे राहतात आणि गाडी कलते. बसूनच पहा. उभं राहायचंच असेल तर मागच्यांनी हळू उठावं. किमान २० मीटर अंतर राखा आणि त्याची वाट अडवू नका. तो रस्त्याने चालत येत असेल तर ड्रायव्हरला गाडी मागे घेऊ द्या, "अजून थोडं पुढे" म्हणून त्याला भरीला घालू नका.

शनिवारी संध्याकाळी कुणाला शिकार, म्हणजे वाघाने मारलेलं जनावर, दिसली असेल तर रविवारी सकाळी गाइडला आधी तिकडेच न्यायला सांगा. मोठं सांबर एका रात्रीत संपत नाही, वाघ दोन-तीन दिवस आसपास राहतो. झाडांकडे बघा: कावळे फांद्यांवर बसून आहेत आणि खाली उतरायला धजत नाहीत, तर वाघ अजून शिकारीपाशीच असणार. इंजिन बंद करा आणि थांबा.