बोटीवरचा मैला खाडीत जाऊ नये म्हणून काय करावं

पहिल्या वर्षी मी सगळं उलट्या क्रमाने केलं. आमची पर्यटकांना खाडीत फिरवणारी बोट आहे. तिच्यावर संडास बसवला, खाली टाकी बसवली, आणि तीन आठवड्यांनी टाकी भरल्यावर डोक्यात प्रकाश पडला की ती ओतायची कुठे हे ठरवलेलंच नाही. मैला उपसणारा टँकरवाला जेट्टीचा रस्ता बघूनच परत गेला, गाडी वळवायला जागा नव्हती. शेवटी रात्री दोघांनी मिळून बादल्या वाहिल्या. तेव्हा बोट हाकणारे आमचे तांडेलकाका म्हणाले, "दर्यो केवढो मोठो रे, तुझ्या दोन बादल्यांनी काय होतला?"

दर्या मोठा आहे, खाडी नाही. ओहोटीला बाहेर गेलेलं पाणी भरतीला बरंचसं परत आत येतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडी निदान खळाळून निघते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत पाणी जेमतेम हलतं आणि धक्क्याशी सोडलेली घाण धक्क्याशीच घोटाळत राहते. कालवं आणि तिसऱ्या हे शिंपल्यांतले जीव तेच पाणी गाळून जगतात, त्यामुळे मैल्यातले जंतू-विषाणू त्यांच्या अंगात साठतात. जुलाब, टायफॉइड, कावीळ ताटापर्यंत येण्याची ही एक सरळ वाट आहे.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी जमिनीवरची जागा, मग टाकी, संडास शेवटी.

पायरी १: ओतायची जागा पक्की करा

जेट्टीजवळ सार्वजनिक संडास असेल तर तिथून सुरुवात करा. पण त्याच्या सेप्टिक टाकीचं पाणी कुठे जातं ते पूर्ण ओहोटीला धक्क्याखाली उतरून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पाइप खाडीतच उघडत असेल, तर तुमची टाकी तिथे ओतणं म्हणजे वळसा घालून खाडीत ओतणं. पाइप ठीक निघाला, तर ग्रामपंचायतीकडून किंवा मच्छीमार सोसायटीकडून लेखी परवानगी घ्या. तोंडी होकार सरपंच बदलला की संपतो.

टँकर बोलावणार असाल तर त्याच्या नळीची लांबी आणि गाडी वळायची जागा आधी विचारा. स्वतःच्या जमिनीत दोन शोषखड्ड्यांचा संडास असेल तर तोही चालेल, मात्र विहीर किमान १५ मीटर लांब हवी. नदी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर घर असेल तर हा मार्ग सोडून द्या. तिथे चार हात खणलं की पाणी लागतं.

पायरी २: संडास लागतो का, आणि टाकी केवढी

तासाभराच्या फेरीला बोटीवर संडास लागतच नाही. किनाऱ्यावरचा संडास स्वच्छ ठेवा, त्यात पाणी ठेवा, आणि तिकीट फाडतानाच सांगा, "जाऊन या, मग बसा." हे वरवरचं वाटेल, पण संडास घाण असला की बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि भर उन्हात बोटीवर त्यांना चक्कर येते. हे मी पाहिलंय.

अर्ध्या दिवसाच्या फेरीला सुटा संडास पुरतो. त्याचा खालचा डबा सुटकेससारखा निघतो. २० लिटरहून मोठा घेऊ नका. भरला की तो वीस किलोच्या वर जातो, आणि तुम्हाला तो ओहोटीत शेवाळलेल्या पायऱ्यांवरून वर न्यायचाय.

पाच दिवस बाहेर राहणाऱ्या ट्रॉलरचा हिशेब मोठा वाटतो, पण मांडून बघा. सहा खलाशी आहेत आणि दर माणसी रोजचा पाव किलो मैला धरला, तर पाच दिवसांचा साडेसात किलो होतो. धुण्याचं पाणी दर वेळी एक लिटर धरलं तर ३० लिटर. ते पाणीही ड्रममध्येच गेलं पाहिजे, हे लोक हमखास विसरतात. म्हणजे घट्ट झाकणाचा ५० लिटरचा ड्रम आणि दर वेळी वरून मूठभर लाकडाचा भुसा, एवढ्यात काम भागतं. लघवी एकत्र केली तर माणशी दीड लिटरने आणखी ४५ लिटर वाढतात. माझं मत विचाराल तर लघवी खोल समुद्रात गेली तरी चालेल, ड्रम मैल्यासाठी ठेवा.

पायरी ३: टाकी बसवताना

प्लॅस्टिकची टाकी घ्या. लघवी लोखंडाला खाते, स्टीललाही सोडत नाही. टाकी बोटीच्या मध्याजवळ आणि शक्य तेवढी खाली ठेवा, नाहीतर भरल्यावर बोट एका बाजूला कलेल. हवेची नळी जाड घ्या आणि तिचं तोंड बाहेर, वाऱ्याकडे काढा. आत हवा खेळली की वास कमी येतो.

बागेची स्वस्त नळी मैल्यासाठी वापरू नका, वास तिच्या भिंतीतून झिरपतो. बोटीत वास येतोय पण गळती सापडत नाही, अशा वेळी फडकं गरम पाण्यात पिळून नळीभोवती थोडा वेळ गुंडाळून ठेवा, मग ते फडकं लांब नेऊन हुंगा. फडक्याला वास आला तर नळी बदला.

फ्लशला समुद्राचं पाणी वापरलं की टाकी सडक्या अंड्यासारखी घाणेरते, कारण त्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. गोडं पाणी वापरा. टाकीत डोकं किंवा खांदे घालून साफसफाई कधीही करू नका, करायला कुणाला सांगूही नका. या वायूने माणसं मरतात. पाणी भरा, हलवा, उपसा. ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या यांना वेगळा डबा ठेवा.

संडासाच्या नळीला बाहेर आणि टाकीकडे असा दुहेरी व्हॉल्व्ह असेल, तर टाकीकडे वळवून वायरने बांधून टाका. नुसतं सांगून भागत नाही, रात्री अंधारात कुणीतरी तो फिरवतोच.

किती लांब गेल्यावर सोडता येतं?

मोठ्या जहाजांसाठी मार्पोल कराराचं, म्हणजे जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचं, चौथं परिशिष्ट आहे. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या पलीकडे सोडता येतो, तोही एकदम नाही, जहाज किमान ४ नॉटने (ताशी सुमारे साडेसात किलोमीटर) चालत असताना हळूहळू. बारीक दळून जंतुनाशक घातलेला असेल तर ३ मैलांच्या पलीकडे. हा करार आपल्या छोट्या बोटींसाठी नाही, पण त्यातलं अंतर लक्षात ठेवण्यासारखं आहे. दिवसाची फेरी करणारी बोट तिथवर जातच नाही.

पायरी ४: तपासणी

कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर अ‍ॅव्हलॉन बंदरात बोट आली की बंदराची माणसं तिच्या संडासात रंगाची गोळी टाकतात. मैला बाहेर सुटला की बोटीभोवतीचं पाणी रंगतं. आपणही खायचा रंग पाण्यात घट्ट कालवून फ्लश करावा आणि दहा मिनिटं बोटीच्या कडेने बघत राहावं. भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात करा, नाहीतर रंग दिसण्याआधीच वाहून जातो. पावसाळ्यात तर गढूळ पाण्यात काहीच कळत नाही.

बसवायचं काम मात्र पावसाळ्यातच काढा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, आमच्यासारख्यांच्या बोटीही किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, आणि तळ हाताशी असतो. मैल्यासाठी तळाला पाडलेलं जुनं भोक तेव्हाच फायबरने कायमचं बुजवता येतं. आमचं मी गेल्या पावसात बुजवलं. काकांनी बोटीखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "आता भरली की खंय ओततलस?" मी त्यांना पंचायतीच्या संडासामागच्या चेंबरची चावी दाखवली.