जुन्या रेल्वे डब्याच्या जीर्णोद्धाराची नोंद कशी ठेवावी

जीर्णोद्धार संपून डबा चकचकीत दिसू लागतो, तोवर त्याच्याविषयीचे बरेचसे पुरावे नव्या रंगाखाली तरी गेलेले असतात किंवा भंगारात तरी. म्हणून नोंदीचे काम पहिला स्क्रू सैल करण्यापूर्वी सुरू झाले पाहिजे.

उदाहरणादाखल बार्शी लाईट रेल्वेचा लाकडी डबा समोर आहे असे धरू. ब्रिटिश अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची ही नॅरोगेज रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. रुळांतले अंतर ७६२ मिलिमीटर होते आणि कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये, असा तिचा मूळ हिशेब होता. एवढे ठाऊक असले, की सांगाड्याचे पातळ पोलाद पाहून ते गंजाने झिजले असे परस्पर ठरवले जात नाही. जाडी कॅलिपरने तीन-चार ठिकाणी मोजून लिहिली जाते आणि मग निष्कर्ष काढला जातो.

आरंभी डब्याच्या चारही बाजू, छप्पर, तळ आणि आतला भाग यांची छायाचित्रे काढावीत. प्रत्येक चित्रात मोजपट्टी आणि रंगपट्टी असावी, आणि त्याच जागेवरून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा चित्र घ्यावे. उतरवलेल्या प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधावी. तोच क्रमांक रेखाचित्रात आणि वहीत असावा. बाकांच्या फळ्यांची पालथी बाजू आवर्जून पाहावी, कारण जुळणी चुकू नये म्हणून सुतारांनी पटाशीने पाडलेल्या खुणा किंवा पेन्सिलीचे आकडे तिथेच सापडतात, आणि रंधा एकदा फिरला की ते कायमचे गेले.

रंगाच्या थरांना मात्र सवड द्यावी. दाराच्या चौकटीची आतली बाजू किंवा बिजागरीखालची जागा निवडावी, जिथे ऊन-पाऊस आणि घासकागद कमी पोचलेला असतो. तिथे बारीक पाणकागद गोल फिरवत उथळ खळगा करावा, म्हणजे रंगांचे थर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे एकाभोवती एक उघडे पडतात. घासणे ओलेच हवे आणि तोंडावर योग्य मास्क हवा, कारण जुन्या रंगांत शेंदूर आणि सफेदा, म्हणजे शिसे, असण्याचा दाट संभव असतो. प्रत्येक वलय आतून बाहेर क्रमाने लिहावे. १९५४ मध्ये ही रेल्वे सरकारकडे आली. तेव्हा रंग आणि क्रमांक बदलले असतील, असा तर्क करता येतो, पण वहीत तो ‘तर्क’ म्हणूनच लिहावा. पाहिलेले आणि अनुमानलेले एकाच वाक्यात मिसळणे हा नोंदीतला सर्वांत मोठा दोष होय.

काय केले याइतकेच का केले हेही लिहावे, आणि हेच बहुधा राहून जाते. कुजलेली फळी बदलली, तर ती किती कुजली होती, जोड देऊन वाचवता आली असती का, नवे सागवान कोणत्या मापाचे घेतले, हे त्याच दिवशी लिहावे. आठवड्याने लिहिलेले कारण बहुतेक वेळा सोयीचे असते. जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने वास्तूंच्या बाबतीत नवे काम ओळखू यावे आणि त्याची चित्रांसह नोंद सार्वजनिक संस्थेत राहावी, अशी अपेक्षा ठेवली आहे. डब्यालाही ती तितकीच लागू पडते. नवे काम ओळखू येण्यासाठी नव्या तुकड्याच्या न दिसणाऱ्या बाजूवर वर्ष कोरणे पुरते.

कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर किंवा सुतार भेटले, तर त्यांच्या संमतीने बोलणे ध्वनिमुद्रित करावे. त्यांना प्रश्नावली देण्यापेक्षा सुटा केलेला भाग हातात द्यावा; तो पकडण्याच्या पद्धतीतूनच अर्धे उत्तर मिळते, म्हणून जमल्यास चित्रफीतही घ्यावी.

शेवटी वही, रेखाचित्रे आणि फायली यांच्या तीन प्रती कराव्यात. एक प्रत डब्यापासून दूर, दुसऱ्या गावी असावी, आणि एक कागदावरच छापलेली असावी.